ओशाळणे, वरमणे आणि एक ढगळ पँट

‘लाज’ हा विभाग कोशवाल्यांच्या टेबलावर आला, त्या दिवशी त्यांची बायको म्हणाली, "तुमच्याकडे जे नाही, तेच का हो शोधायला लावतात तुम्हाला?"

कोशवाले पर्यायकोशाच्या कचेरीत होते. सारख्या अर्थाचे शब्द एकत्र आणायचे आणि मग ते सारखे नाहीत हे सिद्ध करायचं, असं ते काम. ओशाळणे, वरमणे, खजील होणे. तिन्हींत माणूस मान खाली घालतो. पण कशात किती? कचेरीचा नियम कडक होता. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय अर्थ लिहायचा नाही. ‘घसरणे’ आणि ‘निसटणे’ यांतला फरक ठरवताना मुख्य संपादक जिन्यावरून पडले होते, आणि पडल्या जागेवरूनच त्यांनी टिपण सांगितलं होतं.

"आज असले प्रयोग नकोत," बायकोने बजावलं. "दोन वर्षांनी ताई घरी येतेय. आज बिनसलं तर ती परत उंबरा चढायची नाही."

बिनसलं होतं ते साडूभाऊंच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या, निवृत्तीच्या समारंभात. साडूभाऊ भाषणाला उभे राहिले, "आज या क्षणी मला... मला..." म्हणाले आणि गप्प झाले. सभागृहही गप्प. पहिल्या रांगेत कोशवाले. शब्दासाठी अडलेला माणूस त्यांना बघवत नाही. ते ओरडले, "गहिवरून आलंय!" टाळ्यांचा कडकडाट झाला. साडूभाऊ मटकन खाली बसले. तेव्हापासून त्या घरचं येणं बंद, फोन बंद. ताईशी तासभर बोलल्याशिवाय जिचा रविवार उजाडत नसे, ती बायको रविवारी कपाटं आवरू लागली. भाऊजींनी राग धरला, असं घरात ठरून गेलं.

"कोणाचा शब्द घशात अडकलाच," बायको म्हणाली, "तर पाठीवर थोपटा. शब्द सांगू नका. तोंड बंद."

कोशवाल्यांनी वचन दिलं.

*ओशाळणे : चूक उघडी पडल्याने चेहरा उतरणे. — मग खजील होण्यात वेगळं काय? खोडले.*

पाहुणे आले.

"बसा."

"बसतो."

"बारीक झालीस," ताई म्हणाली.

"तूच झालीस," बायको म्हणाली. दोघींचं बोलणं तिथेच संपलं. पूर्वी याच दोघी एकाच वेळी बोलायच्या आणि दोघींना दोघींचं ऐकू यायचं.

जेवायच्या टेबलाशी बसल्यावर तर चमच्यांचाही आवाज नको झाला. काहीतरी करायचं म्हणून साडूभाऊंनी पाण्याचा जग ओढला. जग आडवा झाला आणि सगळं पाणी त्यांच्या मांडीवर.

"असू दे, असू दे," ते हसले. पण ते हसू चेहऱ्यावर नीट बसेना. कान लाल झाले, नजर रिकाम्या ग्लासाच्या काठावरून फिरत राहिली. समोर बसलेल्या कोशवाल्यांचे डोळे लकाकले.

"हलू नका!"

"का? विंचू आहे?"

"नाही. चेहरा. जरा तसाच ठेवा."

"माझ्या नवऱ्याच्या तोंडाकडे काय बघताय असे?" ताईचा आवाज चढला.

"ताई, तुम्हीच सांगा. हे ओशाळलेत की वरमलेत?"

"ते भिजलेत!"

टेबलाखालून बायकोची टाच कोशवाल्यांच्या पायावर आली आणि तिथेच राहिली. मग ती घाईघाईने उठली. "चला भाऊजी, यांची कोरडी पँट देते." पँट देऊन ती भाजी आणायला स्वयंपाकघरात गेली.

हे मात्र पुढच्या सगळ्याचं मूळ. कोशवाल्यांची कंबर बैठ्या कामाने ऐसपैस झालेली. साडूभाऊ म्हणजे काठी. ते खोलीतून बाहेर आले ते दोन्ही हातांनी कंबर धरून, पाय न उचलता, सरकत. कोशवाले काही बोलले नाहीत. पायावरची टाच ताजी होती. त्यांनी मुकाट्याने स्वतःचा पट्टा सोडला आणि पुढे केला.

साडूभाऊ पांढरेफटक पडले.

"म्हणजे तुम्ही पाहिलं होतं."

कोशवाले गप्प.

"त्या दिवशी. स्टेजवर."

कोशवाले गप्पच. काय पाहिलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण गप्प बसणाऱ्या माणसासमोर समोरचा आपणहून उलगडत जातो.

"नवी पँट, त्यात पट्टा नाही," साडूभाऊ म्हणाले. "माईक वर करायला हात उचलला आणि गेली की खाली! मला बसायचंय, एवढंच म्हणणार होतो. तुम्ही गहिवर काढलात आणि मी वाचलो. पण पहिल्या रांगेत तुम्ही! तुम्हाला सगळं दिसलं असणार. मग कुठल्या तोंडाने येऊ इथे?"

"मला फक्त तुमच्यापुढचं टेबल दिसत होतं," कोशवाल्यांना बोलावंच लागलं. "आणि मला वाटलं, तुम्ही रागावलात. भरसभेत तुमच्या तोंडात शब्द कोंबला ना मी. फोन उचलायचो, ठेवून द्यायचो."

*लाज : शेजारच्या घरात हिलाच ‘राग’ म्हणतात का? —*

"पँट मी आणली होती," ताई हळूच म्हणाली. "ह्यांना न नेता, अंदाजाने. पट्टाही मीच काढून ठेवला. जुनाट दिसतो म्हणून." ती स्वयंपाकघराकडे वळणार होती, पण चमच्याकडे वळली. "धाकटीला कळलं तर जन्मभर चिडवेल, म्हणून मीही फोन केला नाही."

साडूभाऊ ओशाळले होते, यात आता शंका नव्हती. ताई वरमली होती. कोशवाल्यांच्या हाताने सवयीने खिशातलं पेन चाचपलं, आणि हात तिथेच थांबला. तिसऱ्या शब्दाचा चेहरा टेबलाशी हजर होता. फक्त तो त्यांना आरशाशिवाय पाहता येत नव्हता.

"म्हणजे बघा," साडूभाऊ मोकळेपणाने हसले, "रागावलं कोणीच नव्हतं!"

"मी होते."

बायको भाजीचं भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"दोन वर्षं. तिघांवर. आणि अजून आहे."

भांडं टेबलावर आदळलं. तिने आधी ताईच्या ताटात वाढलं, भरपूर वाढलं, मग उरलेल्या दोघांच्या. "आता मुकाट्याने जेवा. आणि ताई, रविवारी फोन आला नाही तर बघ."

तिघे जेवू लागले. भाजीत मीठ नव्हतं. ते पहिल्याच घासाला तिघांना कळलं.

"छान झालीय," तिघेही म्हणाले.