शंकररावांचा अझोला

शंकररावांनी गच्चीत अझोला लावायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्याकडे गाय नव्हती. (म्हैसही नव्हती. बकरी तर त्यांच्या पत्नी उषाताईंनी हयात असताना उंबऱ्याच्या आत येऊ दिली नसती.) पण मोबाईलवरचा माणूस म्हणाला होता, हे गुरांना घालायचं पाण्यावरचं नेचं चार-पाच दिवसांत दुप्पट होतं, आणि पलासिया वस्तीतल्या त्या घरात दोन वर्षांत दुप्पट झालेलं काहीच नव्हतं. दोनाचा एक मात्र झाला होता.

टब आला, माती आली, राहिलं शेण. ते दूधवाल्या द्वारकाबाईंकडे मागताना निवृत्त बँक मॅनेजरची जीभ अडखळली.

"गोबर? तुम्हाला?" द्वारकाबाई हसत सुटल्या. पण दुसऱ्या दिवशी पिशवीभर घेऊन आल्या.

पंधरा दिवसांत टब भरला, मग बादल्या, मग जुना कुकर. तुळशीला खत म्हणून घालून घालून तुळस बेजार झाली. शेवटी द्वारकाबाईच म्हणाल्या, "बाबूजी, माझ्या गाईंना द्या की!"

गाईंना द्यायचा तर शेणाचा वास जाईपर्यंत धुवावा लागतो. तेवढा वेळ द्वारकाबाई स्टुलावर बसत, चहा घेत, कुठल्या गाईने लाथ मारली ते सांगत. दोन पाण्यांत काम होई. शंकरराव पाच पाणी घेत.

आणि मग त्यांच्यातला तज्ज्ञ जागा झाला. त्यांनी कागदावर आकृती काढली, मूठभर अझोला डब्यात दिला आणि म्हणाले, "घरीच लावा, एकदम सोपं आहे!"

द्वारकाबाईंनी लावला. महिन्याभरात दूध दारातच ठेवून जाऊ लागल्या. "आता घरचाच आहे ना, बाबूजी!" शंकरराव सवयीने दोन कप चहा करत आणि दोन्ही पीत. फार एकटं वाटे.

एका सोमवारी त्या बादली घेऊनच वर आल्या. "माझ्याकडे हद से ज्यादा झाला. तुमच्या झाडांना चालेल?"

शंकररावांनी गच्चीचं दार पाठीने लोटून बंद केलं. "बरं झालं आणलात! आमचा पार संपला."

"मग रोज आणू?"

"रोज आणा. बसा, आधी धुवून घेतो."

पाच पाणी झाली, चहा झाला, सुनेची तक्रारही झाली. निघताना द्वारकाबाई जिन्यात थांबल्या.

"बाबूजी, खत कोणी धुतं का? आणि हफ्ताभर तुमच्या गच्चीच्या पाइपातून हाच अझोला खाली लावलेल्या माझ्या स्कूटरवर पडतोय." त्यांनी बादली उचलली. "उद्या येते. शक्कर जरा कमी टाका."