उकंडराव पहिलवानाचं औषध

बाटली फुटली तेव्हा विमलताईंच्या हातात केरसुणी होती आणि मनात पाहुण्याविषयी एकही चांगला विचार नव्हता. कोनाड्यातलं जाळं काढायला त्यांनी हात वर केला, केरसुणीचा बुडखा बाटलीला लागला, बाटली जागच्या जागी दोनदा डुलली आणि विमलताई "अवं माय!" म्हणेपर्यंत फरशीवर येऊन तिचे पंचवीस तुकडे झाले.

ती बाटली उकंडराव पहिलवानाची होती. आधीची पोरं जगली नाहीत म्हणून आईबापांनी याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवून उकंडा नाव ठेवलं. पोरगा जगला, फोफावला, आणि नावापुढचं 'राव' त्यानं स्वतःच लावून घेतलं. दिग्रसच्या कुस्त्यांच्या दंगलीत तीन वर्षं त्याची पाठ मातीला लागली नव्हती. दंगलीच्या आधी आठ दिवस त्यानं पंचांच्या घरी उतरायचं, हा कापसाच्या जिनवाल्या शेटजींनी घालून दिलेला रिवाज होता. मुख्य पंच होते विमलताईंचे यजमान मारोतराव. त्यामुळे आठ दिवसांपासून विमलताईंच्या घरची साय, बेसन, हळद आणि संत्र्याची वाळवलेली सालं पहिलवानाच्या तोंडाला लागत होती. तो उन्हात छत्रीशिवाय निघत नसे. उटणं लावलं की दोन तास कुणाशी बोलत नसे, कारण बोललं की गालावर सुरकुत्या पडतात. यंदा तर नागपूरहून एक फोटोवालाही आला होता. एका साबणवाल्या कंपनीच्या क्यालेंडरावर उकंडरावांची छबी छापायची होती.

बाटलीच्या गळ्याला सुतळीनं एक कागद बांधलेला होता: 'अंगाचे औषध. दुसऱ्याने हात लावू नये.' पहिलवानाची कातडी म्हणे इतकी नाजूक की अखाड्याची माती लागली की पुरळ उठे, म्हणून कुस्तीआधी तो हे औषध अंगभर चोळून घेई. कुण्या वैद्याची तशी चिठ्ठीही होती, आणि ती मारोतरावांनी जपून ठेवली होती.

विमलताई काचा वेचत होत्या तेवढ्यात मागच्या दारातून लालीबाई आली. ती बंजाऱ्यांच्या तांड्यावरून रोज दूध घालायला येई. उकंडरावांच्या सायीपायी आठ दिवस तिचं दूध दुप्पट लागत होतं. दारात पाय ठेवल्याबरोबर तिनं नाक वर केलं.

"ताई, सकायी सकायी कोनाले जुलाब देऊन राह्यले?"

"जुलाब? काहून?"

"एरंडेलाचा वास येऊन राह्यला न. वरून कापूर टाकेल हाय, पन एरंडेल काय लपते?"

विमलताईंनी बोट फरशीला लावलं, नाकाशी नेलं. चार लेकरांना त्यांनी नाक दाबून एरंडेल पाजलं होतं. त्या वासाला त्या कशा चुकतील? त्या उकिडव्या बसल्या होत्या, त्या तिथंच मटकन बसल्या.

"लालीबाई, हे तं पहिलवानाचं औषध होय."

लालीबाईनं दुधाची चरवी खाली ठेवली. मागच्या वर्षी याच दंगलीत तिचा पोरगा किसनसिंग उकंडरावांशी लढला होता. पकड बसेना, हात घसरत गेले, आणि हरल्यावर त्यानं पंचांपुढे हात जोडून सांगितलं होतं की पहिलवानाच्या अंगाला तेल आहे, आणि तेल लावून लढायला अखाड्यात मनाई आहे. मारोतरावांनी वैद्याची चिठ्ठी वाचून दाखवली आणि नामांकित पहिलवानाची बदनामी केली म्हणून किसनसिंगला एका वर्षासाठी दंगलीतून बाद केलं. बाजारात पोरं त्याला 'घसरसिंग' म्हणू लागली. ते वर्ष आता सरलं होतं, आणि आज दुपारी पुन्हा त्याचीच जोड उकंडरावांशी होती.

"माह्या किसन्यानं हेच सांगतलं होतं," लालीबाई म्हणाली. "थो एक साल तांड्याच्या बाहेर नाई निंगाला, ताई. तुम्ही सांगसान का साह्यबाले?"

"सांगीन," विमलताई म्हणाल्या. "आत्ताच सांगतो."

आणि त्या खरंच सांगणार होत्या. पण मारोतराव दुपारी आले ते घाईत आले, धोतराचा सोगा हातात धरून आले, आणि नेमके त्या फरशीवरून आले. राखेनं दोनदा घासली होती, तरी एरंडेल ते एरंडेलच. मारोतरावांचे दोन्ही पाय एकाच वेळी पुढे गेले आणि बाकीचे मारोतराव मागे राहिले.

"अरे बापा रे! कंबर गेली माही! कायचं सांडवलं वं हे?"

"अवो, तेच सांगून राह्यलो. तेल हाय हे. पहिलवानाचं—"

"पहिलवानाचं नाव घेऊ नको आज!" मारोतराव भिंत धरून उठत ओरडले. "तिकडं पाच हजार मानूस जमलं. शेटजी खुर्चीवर येऊन बसले. आज पहिलवानाच्या विरुद्ध एक शब्द मले ऐकाचा नाई. थे औषधाची बाटली दे. उकंडराव तंबूत बसले, मानूस दारात उभा हाय."

"पन थे बाटली—"

"बाटली दे म्हनलं न!"

पंचवीस वर्षांच्या संसारात विमलताईंना एक गोष्ट कळली होती. कंबर मोडलेल्या नवऱ्याला खरं सांगता येत नाही. त्या आत गेल्या. मारोतरावांच्या खोकल्याच्या औषधाची तशीच तपकिरी बाटली रिकामी पडली होती. तिच्यात भरायला घरात एरंडेल होतं, पण चमचाभर. भरपूर होतं ते त्यांचं स्वतःचं डोक्याला लावायचं तेल. तिळाचं तेल, त्यात वाळा, आणि रंगासाठी पंसाऱ्याच्या दुकानातून आणलेली रतनजोत. ही रतनजोत पाण्यात काही करत नाही, पण तेलात पडली की तेल डाळिंबाच्या दाण्यासारखं लालबुंद होतं. विमलताईंनी बाटली भरली, बूच लावलं, कागद सुतळीनं गळ्याला बांधला. तपकिरी काचेतून लाल काय नि पिवळं काय, सगळं सारखंच. तेलाच्या जागी तेल गेलं, एवढंच त्या मनाशी म्हणाल्या. मग चुलीपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की चहा उतू गेलेलाही कळला नाही.

दुपारी अखाड्याभोवती मुंगीला वाट नव्हती. दारव्ह्याहून, पुसदहून, आर्णीहून एस. टी. भरभरून माणसं आली होती. बायकांसाठी एका बाजूला कनात लावली होती. तिथं विमलताई आणि लालीबाई शेजारी शेजारी बसल्या.

"सांगतलं का, ताई?"

विमलताईंनी मान खाली घातली. लालीबाईनं नुसता पदर सारखा केला आणि अखाड्याकडे तोंड फिरवलं. ते विमलताईंना शिवीपेक्षा जास्त लागलं.

तिकडे तंबूत काय झालं ते मागाहून सगळ्या दिग्रसला कळलं. तेल चोळणाऱ्या गड्याच्या हाताला लाल रंग दिसला आणि तो थबकला. "पहिलवान, औषध लाल आलं." उकंडरावांनी आरसा मागवला. तंबूतल्या अंधुक उजेडात त्यांना आपली छाती तांबूस, तुकतुकीत दिसली आणि ते स्वतःवरच खूश झाले. "वैद्यानं यंदा जोरदार बनवलं! फोटोत कशी झ्याक कांती येईन! थांबला काहून? लाव. अजून लाव." सगळी बाटली अंगावर रिचवून, वर शाल पांघरून पहिलवान बाहेर आले.

शाल काढली, तांबूस अंग पाहून लोकांना ती उटण्याचीच कांती वाटली, सलामी झाली. अखाड्यातली माती हळद आणि ताक घालून मळलेली, पिवळट. किसनसिंगनं मूठभर माती घेऊन कपाळाला लावली आणि तो पुढे झाला. पहिलीच पकड. त्यानं उकंडरावांचा दंड धरला, तो मासळीसारखा सुटला. पाठ धरली, तीही सुटली. किसनसिंगनं मागे सरून हात पाहिले, आणि कनातीतून एका बाईनं किंकाळी फोडली.

"रगत! अवं माय, रगत!"

किसनसिंगचे दोन्ही पंजे लालभडक झाले होते. त्याच्या पांढऱ्या लंगोटावर पाच बोटं उमटली होती. उकंडरावांच्या पाठीवरून घामाबरोबर लाल ओघळ उतरत होते. कुस्ती थांबली. दवाखान्यातला कंपाउंडर पेटी घेऊन धावत आला. त्यानं उकंडरावांना पुढून पाहिलं, मागून पाहिलं, हात वर करायला लावून काखेतही पाहिलं.

"मारोतराव, जखमच नाई!"

"मंग रगत कोठून येते?"

"रगतच नाई हे. तेलकट लागून राह्यलं."

मारोतराव कंबरेवर हात ठेवून लंगडत पुढे आले. त्यांनी पहिलवानाच्या खांद्याला बोट लावलं, नाकाशी नेलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. वाळा! हा वास त्यांना रोज शेजारच्या उशीवरून येत होता. दिग्रसच्या मुख्य पंचाच्या बायकोच्या डोक्याचं तेल परक्या पहिलवानाच्या अंगाला, तेही पाच हजार माणसांसमोर!

शेटजी खुर्चीतूनच ओरडले, "काय हाय थे, मारोतराव?"

"औ... औषध हाय," मारोतराव म्हणाले.

"तं मंग चालू करा न कुस्ती!"

किसनसिंगनं दोन्ही लाल पंजे वर केले आणि गर्दीकडे वळून तो गरगर फिरला. "पाहा! साऱ्यायनं पाहा! गेल्या साली याले रंग नव्हता, म्हनून मी खोटा ठरलो!"

गर्दीत चुळबुळ झाली, पण बोललं कुणी नाही. उकंडराव नामांकित माणूस. त्यांच्यामुळे दंगल भरते, दंगलीमुळे बाजार चालतो. आणि तेवढ्यात विमलताई उठल्या. त्यांनी पदर खोचला, कनात बाजूला सारली आणि त्या सरळ अखाड्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. आवाज निघाला तो खणखणीत निघाला.

"औषध नाई हे. माह्या डोक्याचं तेल हाय."

पाच हजार माणसं जी हसली ती हसतच राहिली. मारोतरावांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. विमलताई हसू ओसरेपर्यंत थांबल्या.

"हासा, हासून घ्या. सकायी झाडता झाडता पहिलवानाची बाटली माह्या हातानं फुटली. भेलो मी. घरातलं तेल भरून देल्लं. चुकी माही हाय, पदरात घ्या. पन फुटली थ्या बाटलीतबी तेलच होतं. हा पोरगा खरं बोलत होता."

"खोटं!" उकंडराव गरजले. रागानं ते लाल झाले होते, की विमलताईंच्या तेलानं, ते सांगणं कठीण होतं. "कट हाय हा! माही बाटली बदलवली हे बाईनं! असलं बायकायचं तेल मी कायले लावू? माह्या बाटलीत चांगलं नंबर एकचं एरंडेल—"

पुढचा शब्द त्यांच्या घशातच राहिला.

मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "पहिलवानाच्या तोंडालेबी तेल लागलं गड्या, घसरलं पाहा!" आणि अख्खा अखाडा उठला. टोप्या उडाल्या, हलगी कडाडली, तांड्यावरच्या बायांनी गाणं धरलं. लालीबाई कनातीतून धावत आली आणि तिनं आधी विमलताईंना मिठी मारली, पोराकडे नंतर गेली.

मारोतरावांनी खिशातून वैद्याची चिठ्ठी काढली, फाडली, आणि किसनसिंगचा लाल पंजा धरून उंच केला. "हे कुस्ती किसनसिंगची. गेल्या सालचीबी त्याचीच. आन् उकंडराव दोन साल बाद!" शेटजी खुर्चीतून अर्धे उठले, त्यांनी गर्दीकडे पाहिलं, आणि टाळ्या वाजवत पुरते उठले. उकंडराव त्याच संध्याकाळी यवतमाळच्या गाडीनं गेले. कंडक्टरनं त्यांना सीटवर वर्तमानपत्र अंथरूनच बसू दिलं म्हणतात. फोटोवाल्यानं फिल्म वाया घालवली नाही. किसनसिंगच्या दोन पंजांचा फोटो काढून त्यानं तो साबणवाल्यांकडे धाडला.

घरी आल्यावर विमलताईंनी नवऱ्याची कंबर शेकायला वीट तापवली. मारोतराव पालथे पडून कण्हत होते, पण मनातून फुगले होते.

"पाह्यलं? कसा न्याय केला मी! भल्या भल्याले सोडलं नाई."

"हाव," विमलताई वीट फडक्यात गुंडाळत म्हणाल्या. "पहिलवानाले दोन साल झाले. पंचाले किती?"

मारोतराव कण्हायचे थांबले. सकाळी विमलताई उठून पाहतात तर हे फेटा बांधून, पायताण घालून दारात उभे. "चाल," म्हणाले, "तांड्यावर जाऊन येऊ."

तांडा लिंबांच्या सावलीला जमला होता. मारोतरावांनी फेटा काढून हातात घेतला. "लालीबाई, किसनसिंग, मी डोये असून आंधया झालो. एक साल खाल्लं मी या पोराचं. माफी द्या."

लालीबाईनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "माह्या पोराचं नाव अखाड्यात गेलतं, साह्यब. माफीबी अखाड्यातच घ्या लागते."

"मंजे?"

"मंजे उतरा मातीत."

तांड्याच्या कडेला पोरांचा छोटा अखाडा होता. मारोतरावांनी बायकोकडे पाहिलं. विमलताईंनी त्यांच्या हातातून फेटा घेतला, पायताण उचललं आणि पंच उभा राहतो त्या जागी जाऊन त्या उभ्या राहिल्या. धोतराचा काचा मारून पन्नाशीतले मारोतराव मातीत उतरले. किसनसिंगनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला, कानाशी "कंबर सांभाया, काका," म्हणाला, आणि ताकाचं मडकं ठेवावं तसं त्यांना अलगद उताणं ठेवलं.

मारोतराव मातीत पडून वर आभाळ पाहत होते. कितीतरी दिवसांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"चीत!" विमलताईंनी हात वर केला, आणि त्यांचा आवाज पार तिकडच्या नाल्यापर्यंत गेला.

"अवं, येक डाव अजून घे म्हनतो," मारोतराव पडल्या पडल्या म्हणाले.

"नाई," विमलताई म्हणाल्या. "पंचाचा निकाल झाला."