सोळावा उपकार

मंगळवारी सकाळी सव्वाआठ वाजता बे ग्वांगदूने आपली अंड्यांची गाडी थोंगयंग बंदराजवळच्या पाचमजली इमारतींसमोर उभी केली, कर्ण्याचे बटण दाबले आणि मागचे झाकण उघडायला खाली उतरला. अकरा वर्षे त्या कर्ण्यातून एकच आरोळी येत होती. 'ताजी अंडी आली, अंडी. मोठी अंडी, आजची अंडी.' आवाज त्याच्या बायकोचा, ओक्रानचा. उंच, खणखणीत, पाचव्या मजल्यावरच्या बंद खिडकीतून आत शिरणारा.

आज कर्ण्यातून कुणीतरी आकडे मोजल्याचे ऐकू आले. एक, दोन, तीन, चार. मग एका बाईने अतिशय संथपणे 'उपकार' असे गाऊन म्हटले. जरा थांबली. पुन्हा त्याच सुरात 'उपकार'. पुन्हा थांबली.

तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. "कोण गेलं हो?" एका आजींनी वरून विचारले.

"कुणी नाही, आजी. अंडी आहेत."

"अंड्यांना काय झालं?"

ग्वांगदूने धावत जाऊन बटण बंद केले आणि घरी फोन लावला.

"ओक्रान, अंडी कुठं गेली?"

"गाडीत असतील की. मी का घेऊन बसलेय?"

"गाडीतली नव्हे गं. कर्ण्यातली."

मग ओक्रान हळूच म्हणाली, "त्या मोबाइलवाल्यानं पुसली वाटतं. मी त्याला म्हटलं होतं, पेन ड्राइव्हवर आरोळीशेजारी जागा असेल तिथं माझं गाणं घाल. त्यानं सगळं साफ करूनच घातलं की काय."

ओक्रान बावीस वर्षे चर्चच्या गायनवृंदात सोप्रानो होती. म्हणजे स्तोत्राची मुख्य चाल, सगळ्यांत वरची, जी लोक घरी जाताना गुणगुणत जातात, ती तिची. वसंतात तिच्या गळ्यातली गाठ काढावी लागली. गाठ साधी निघाली, आवाजही राहिला, पण वरचे सूर गेले ते गेलेच. उरला तो खालचा, जरासा खरखरीत आवाज. तिने गायला जाणे सोडले. मासळीवाल्याशीसुद्धा ती बोटांनी दाखवून व्यवहार करू लागली. शेवटी वृंद शिकवणाऱ्या मिनबाई स्वतः संत्र्यांची पिशवी घेऊन घरी आल्या आणि म्हणाल्या, "ओक्रानताई, आल्टोत या. मला तिथं माणूस कमी आहे."

आल्टो म्हणजे बायकांच्याच गाण्यातला खालचा भाग. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे देवाचे उपकार मानायच्या नोव्हेंबरातल्या तिसऱ्या रविवारी, म्हणायच्या स्तोत्रात 'उपकार' हा शब्द सोळा वेळा होता. सोप्रानोंना तो सोळा तऱ्हांनी म्हणायचा होता. आल्टोंना पंधरा वेळा एकाच सुरात म्हणायचा होता आणि सोळाव्याला अर्धी पायरी खाली उतरायचे होते. ऐकायला हे सोपे वाटते. पण जन्मभर चाल गायलेल्या बाईच्या शेजारी चाल सुरू झाली, की तिचे पाय आपोआप तिकडे वळतात. ओक्रान सातव्या उपकारापर्यंत टिकायची आणि मग नकळत वर निघायची. वृंदात गाताना सोळाव्याला तर ती कधी पोचलीच नव्हती. मिनबाईंचा नियम असा, की आधीच्या गुरुवारी प्रत्येकाने आपला भाग एकट्याने म्हणून दाखवायचा. जो चुकेल त्याने रविवारी खाली लोकांत बसायचे.

म्हणून तिने घरी एकटीने सराव करून, अकराव्या खेपेला बिनचूक आलेले स्वतःचे गाणे फोनवर ध्वनिमुद्रित केले होते. पहाटे ती ग्वांगदूबरोबर अंडी आणायला पोल्ट्रीवर जायची, तेव्हा गाडीत ऐकता यावे म्हणून तिने गाडीचाच पेन ड्राइव्ह दुकानात नेला होता.

"मग आरोळी दुसरीकडं कुठं असेल की," ग्वांगदू म्हणाला.

"नाही. ती एकच होती."

ओक्रानचा जुना आवाज आता जगात कुठेच उरला नव्हता, हे दोघांच्याही एकाच वेळी ध्यानात आले होते आणि दोघांपैकी कुणालाही ते बोलून दाखवायचे नव्हते.

"असू दे," ग्वांगदू म्हणाला. "मी ओरडतो तोंडानं."

ग्वांगदू हा मुळात हळू बोलणारा माणूस. पहिल्या गल्लीत तो 'अंडी' म्हणून ओरडला, तेव्हा एक कुत्रा भुंकला आणि एका बाईने आत जाऊन दाराला कडी लावली. दुपारपर्यंत तीन ट्रे खपले. रोज सत्तर खपायचे. गाडीत दोन हजार अंडी, आणि उद्याची दोन हजार पोल्ट्रीवर सांगून ठेवलेली. दोन वाजता त्याने इकडेतिकडे पाहिले आणि पुन्हा बटण दाबले. एक, दोन, तीन, चार. उपकार.

खिडक्या उघडल्या. लोक खाली उतरले. निवृत्त मास्तर असलेल्या एका म्हाताऱ्याने सबंध स्तोत्र कान देऊन ऐकले आणि म्हणाला, "याला चालच नाही."

"चाल आहे ना. ती दुसऱ्या बायकांकडं आहे," ग्वांगदूने सांगितले. "माझ्या बायकोच्या वाट्याला खालचं आलंय."

"मग वरचं कधी ऐकवणार?"

"रविवारी. चर्चमध्ये."

म्हातारा एक ट्रे घेऊन गेला आणि जाताना पंधराव्या उपकाराशी जरा थबकला, सोळाव्याची वाट पाहत. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चौसष्ट ट्रे गेले.

घरी ओक्रानने त्याच्यापुढे मधात शिजवलेल्या नाशपतीचा गरम वाडगा ठेवला. "ओरडून ओरडून घसा बसला असेल तुमचा."

ग्वांगदूने तो पिऊन टाकला. खरे सांगायचे त्याच्या जिभेवर आले होते, पण नाशपती चांगली शिजली होती.

बुधवारी सकाळी ओक्रान सार्वजनिक न्हाणीघरात गेली. तिथे पाठ घासणारी दांडगी बाई तिच्या पाठीवर खरखरीत हातमोजा चालवत होती आणि तालात गुणगुणत होती. उपकार, घास. उपकार, घास. ओक्रानला आधी वाटले, आपल्याच डोक्यात वाजते आहे. मग सोळावा आला, आणि घासणारी बाई अर्धी पायरी खाली उतरली. अगदी अचूक. मिनबाई महिनाभर सांगत होत्या तसे.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" ओक्रानने पालथ्या पालथ्याच विचारले.

"कशाला शिकवायला पाहिजे? अंड्यांचं गाणं आहे ना. कालपासून आमच्या गल्लीत चाललंय. माझी सासू तर ते म्हणतच तांदूळ धुते."

पलीकडच्या गरम पाण्याच्या हौदातून आणखी दोघींनी तो सूर उचलला. ओक्रान ओल्या केसांनीच घरी आली.

ग्वांगदू दुपारच्या जेवणाला आला तेव्हा ताट मांडलेले नव्हते.

"माझा हा घोगरा आवाज तुम्ही गावभर वाजवताय," ती म्हणाली. "मी मेली मासळीवाल्याशी बोलत नाही लाजेनं, आणि तुम्ही कर्ण्यावर लावून फिरताय. उद्या मी जाणार नाही. मिनबाईंना सांगा काय ते."

ग्वांगदूने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बायकोला समजावण्याची त्याला सवय नव्हती. बहुतेक वेळा ती त्याला समजवायची.

"दवाखान्यात त्यांनी एक कागद दिला होता," तो शेवटी म्हणाला. "आवाज कायमचा जाऊ शकतो, असं लिहिलेलं. सही कुणाची होती?"

"तुमची."

"चार तास मी त्या बाकावर बसून होतो. म्हटलं, आता ही उठेल आणि मला शिव्या द्यायच्या तर कागदावर लिहून देईल. मग तू शुद्धीवर आलीस आणि म्हणालीस, खिडकी बंद करा, वारा लागतोय." त्याने गुडघ्यावरची टोपी उलटी केली. "तेव्हापासून मला तुझा कुठलाही आवाज चालतो. वरचा, खालचा. काल दुपारपासून गाडीत तू होतीस. लावलं अंड्यांसाठी, पण मग मला बंद करवेना."

ओक्रान उठली आणि तिने ताट मांडले. भात वाढताना ती म्हणाली, "तरी सांगायला हवं होतं."

"हो."

"आणि नाशपती फुकट खाल्लीत."

"तेही खरं."

गुरुवारी संध्याकाळी ती गेली. चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात रविवारच्या जेवणासाठी बायका कोबीला मीठ चोळत बसल्या होत्या, शेजारच्या खोलीत परीक्षा चालली होती. ओक्रान उभी राहिली. सहा उपकार ठीक गेले. सातव्याला, शेजारी कुणी चाल गात नसतानाही, तिचा आवाज सवयीने वर सरकू लागला. तेवढ्यात भिंतीपलीकडून, कोबीच्या ढिगाऱ्यामागून, नऊदहा बायकांचा तोच खालचा सूर आला, मीठ चोळण्याच्या तालावर. ओक्रानने तो पकडला आणि त्याच्या आधाराने सोळाव्यापर्यंत जाऊन खाली उतरली.

सोप्रानोंच्या पुढारीणबाई म्हणाल्या, "हिनं एकटीनं म्हटलं असं धरायचं का?"

मिनबाईंनी वहीत खूण केली. "तुम्हीही भिंतीला कान लावून म्हणू शकता. पलीकडं तुमचा भाग कुणाला येत असेल तर."

रविवारी चर्च भरून लोक बाहेर पायऱ्यांपर्यंत उभे होते. निवृत्त मास्तर होते, न्हाणीघरातली बाई सासूला घेऊन आली होती, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी पुढून दुसऱ्या बाकावर होत्या. ग्वांगदू एरवी बायकोला चर्चपाशी सोडून बाहेर गाडीत झोपायचा. आज गिऱ्हाइकांनी त्याला ओढून आत नेले, कारण 'वरचं' ऐकवायचे त्याने कबूल केले होते.

स्तोत्र सुरू झाले. पहिल्या उपकाराला मागच्या बाकांवरून एक गुणगुण आली. दुसऱ्याला ती मध्यापर्यंत सरकली. चौथ्याला अर्धे चर्च आल्टो गात होते, आणि ते लाजत गात नव्हते. सोप्रानो बावरून एकमेकींकडे पाहू लागल्या. मिनबाईंचा हात हवेत क्षणभर अडखळला. सगळे थांबवावे की काय, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसले. मग त्यांनी उजवा हात सोप्रानोंकडे जोरात उंचावला, डाव्या तळव्याने वृंदातल्या आठ आल्टोंना गप्प राहायची खूण केली, अर्ध्या वळल्या आणि लोकांना ताल देऊ लागल्या.

ओक्रानने तोंड मिटले. महिनाभर रडून, चिडून पाठ केलेला भाग आता तिला म्हणायचा नव्हता. ती नुसती उभी राहिली आणि ऐकू लागली. बावीस वर्षे वर गाताना खाली काय चालते ते तिला कधी ऐकू आले नव्हते, आणि खाली आल्यापासून तिला फक्त स्वतःचे मोजणे ऐकू यायचे. आता तो एक सपाट सूर दोनशे माणसांनी धरला होता आणि वरची चाल त्याच्यावर पाय ठेवून चालत होती. सोळाव्याला सगळे मिळून अर्धी पायरी खाली उतरले. वरच्या बायका होत्या तिथेच राहिल्या, पण त्यांच्या सुराचा रंग बदलला, जणू कुणी खोलीत दिवा आणला. ओक्रानचे डोळे भरून आले. देवाचे आभार मानायला ती शब्द शोधून आली होती. तिच्या वतीने भलत्याच लोकांनी ते मानून टाकले होते.

जेवणानंतर अंगणात ग्वांगदू कागदी कपातली कॉफी घेऊन उभा होता. तो डोळे पुसत होता आणि थंडीमुळे पाणी येते आहे असे दाखवत होता.

"एवढ्या लोकांत तुझा आवाज मला बरोबर वेगळा ओळखू आला बघ," तो म्हणाला. "सोळाव्याला तर अगदी स्पष्ट. तुझ्यासारखं तिथं कुणी उतरत नाही."

ओक्रानने त्याच्याकडे पाहिले. सोळाव्याचे सोडाच, चौथ्यानंतर तिने तोंडच उघडले नव्हते.

तिने त्याच्या हातातला कप घेतला, एक घोट प्यायली आणि परत दिला.

"हो," ती म्हणाली. "आज जरा बरा लागला होता."