बियारोमिलला चिखल हवा होता

शनिवारी सकाळपासून एवेलियो खिडकीपाशी जाई, आभाळ बघे, परत येऊन कॉफीचा घोट घेई आणि पुन्हा खिडकी गाठी. उद्या बियारोमिल फुटबॉल क्लबचा हंगामातला शेवटचा सामना. शेजारच्या सोतोबिएलला हरवलं तर क्लब गटात टिकणार. नुसती बरोबरी झाली तरी खालच्या गटात घसरणार. तेही नेमकं शंभराव्या वर्षी, आणि संस्थापकाचा नातू अध्यक्ष असताना.

"जरा बस," त्याची बायको लेओकादिया म्हणाली. चर्चमधली रोजची मिस्सा आणि रोजची जपमाळ तिनं कधी चुकवली नव्हती, आणि आवाजही कधी चढवला नव्हता. "क्लाराच्या मठात अंडी देऊन आले, लग्नाच्या आधी ऊन पडावं म्हणून देतात तशी. संत क्लारा ऊन पाडेल. शंभरीचं जेवण मैदानावर आहे ना? पाऊस नको, असं तूच म्हणालास."

एवेलियो बसला. तेवढ्यात आर्खिमिरो मास्तर आत आले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी क्लबच्या इतिहासाला वाहून घेतलं होतं. उद्याचं भाषण त्यांचंच होतं.

"आभाळाचं काय म्हणतोस?"

"मोकळं होतंय, मास्तर. अंडी पोचली."

मास्तर मटकन खुर्चीत बसले. "अरे, काय केलंस हे. आपण जिंकलेला प्रत्येक मोठा सामना पावसातला आहे. तुझ्या आजोबांनी पहिला करंडक उचलला तेव्हा चेंडू पाण्यावर तरंगत होता. शहरवाले चकचकीत बुटांसकट रुतून बसले, म्हणून आपण वरच्या गटात आलो. आणि ऊन पडलं होतं तो अंतिम सामना आठवतो?"

"सात शून्य," एवेलियो पुटपुटला.

"त्यातले दोन गोल तर आपणच आपल्यावर मारले."

एवेलियो पुन्हा उभा राहिला. "लेओ, ती अंडी परत आण."

"संताला दिलेलं परत मागू नये," लेओकादिया हळूच म्हणाली. "मी तर नाही जायची."

शेवटी तोच गेला. मठातल्या सिस्टर बाहेरच्यांना दिसत नाहीत. भिंतीत बसवलेलं लाकडी फडताळ गोल फिरतं आणि त्यातून देवाणघेवाण होते.

"नमन तुला, निर्मळ मरिये," आतून आवाज आला.

"पापाविना संभवलेली," एवेलियोनं रीतीप्रमाणे नमन पुरं केलं. "सिस्टर, सकाळी माझ्या बायकोनं अंडी दिली. ती परत मिळतील का?"

"त्यांच्या बलकाचे लाडू वळून झाले, बाळा."

"मग लाडू द्या. सगळे."

"कुठला बलक तुझा, हे मला कसं कळणार? यंदा अंडी फार येताहेत."

"आणखी कोण देतंय?"

मागे कोणीतरी खाकरलं. सोतोबिएलचा अध्यक्ष निकानोर, दोन्ही हातांवर अंड्यांचे ट्रे सांभाळत उभा होता.

"घरात लग्न आहे वाटतं?" एवेलियोनं विचारलं.

"लग्न कसलं. तुम्ही चिखलात जिंकता हे अख्ख्या खोऱ्याला ठाऊक आहे. मी बुधवारपासून रोज येतोय."

"म्हणजे माझी बायको तुझ्यासाठी साकडं घालून गेली."

"तिला माझा नमस्कार सांग."

एवेलियोनं फडताळात तोंड घातलं. "सिस्टर, पावसाला काय द्यायचं असतं?"

"पाऊस आमच्याकडे नसतो. तो संत इसिद्रोकडे. खालच्या चर्चमध्ये विचार."

एवेलियो उतारावरून धापा टाकत खाली गेला आणि इसिद्रोसमोर हाताला लागल्या तेवढ्या मेणबत्त्या पेटवून आला. घरी येऊन त्यानं पुन्हा खिडकी धरली.

रविवारी ऊन पडलं नाही, पाऊसही पडला नाही. खोऱ्यातून धुकं चढलं आणि मैदानावर येऊन बसलं. पंचानं मध्यभागी उभं राहून दोन्ही गोलांकडे बराच वेळ डोळे बारीक केले आणि म्हणाला, "दिसतायत." त्याची परतीची बस होती.

मध्यंतरानंतर खेळाडूंना स्वतःचे बूटही दिसेनात. पहिल्या रांगेत एवेलियो लेओकादियाचा हात दाबून बसला होता.

"चेंडू कुणाकडे आहे?"

"धापा टाकतोय त्याच्याकडे असेल."

"सगळेच टाकतायत."

शेवटी शेवटी सोतोबिएलचा गोलरक्षक हात पुढे धरून, चाचपडत पंचापाशी आला. सज्जन मुलगा होता. "साहेब, चेंडू माझ्या जाळ्यात आहे. कधी आला, माहीत नाही."

पंचानं गोल दिला, घड्याळ पाहिलं आणि शेवटची शिट्टी वाजवली. बियारोमिल टिकलं.

मैदानावर टेबलं मांडली, सफरचंदाच्या सायडरच्या बाटल्या उघडल्या. मास्तर मात्र बेचैन होऊन टेबलामागून टेबल फिरत होते. "गोल कुणी मारला? इतिहासात नाव घालायचंय." जेवण होईपर्यंत गोल मारणारे पाच जण झाले. त्यातला एक बेकरीवाला होता. तो सामन्याला आलाच नव्हता.

"तू अध्यक्ष आहेस," मास्तर एवेलियोला म्हणाले. "तू पाहिलास?"

"स्पष्ट पाहिला. डाव्या कोपऱ्यातून, डाव्या पायानं. चेंडू जरासा वळला आणि खांबाला चाटून आत."

लेओकादियानं त्याच्या ताटात पाव ठेवला. "शिट्टी होईपर्यंत तू डोळे मिटून बसला होतास," ती हळूच म्हणाली.

"म्हणून तर दिसला," एवेलियो म्हणाला. "उघडे असते तर धुकंच दिसलं असतं."