ड्रॅगनचं पोट

श्री. डेरेक पिकल्स यांच्या ‘काजळीचं राज्य’ या बारा खंडांच्या महाकादंबरीचा सहावा खंड पुरा होत आला असताना त्यात एक गंभीर दोष आढळून आला. नायक मुक्कामाला पोचत होता.

दोष कोणी मुद्दाम केलेला नव्हता. पहिल्या खंडात हाल्ड्रिक नावाचा एक तरुण लोहार म्हाताऱ्या आईला झोपडीत एकटं ठेवून काळा दिवा विझवायला निघाला. तो दिवा जळतोय तोवर जगात सूर्य उगवणार नाही, अशी त्या राज्याची व्यवस्था होती. तिथपासून पाच खंड हाल्ड्रिक नुसता चालत होता. वाटेत त्याने भुतं कापली, राजे कापले, एक कान गमावला, पण पाय थांबू दिले नाहीत. आता माणूस एवढा चालला म्हणजे कुठेतरी पोचणारच. डेरेकने टेबलावर नकाशा पसरून पाहिलं, तर दिवा फक्त एका टेकडीपलीकडे राहिला होता. डेरेक पूर्वी यॉर्कशरमधल्या आपल्या गावच्या नगरपालिकेत बसगाड्यांची वेळापत्रकं करायचा. त्यामुळे निघालेलं वाहन शेवटी पोचायला हवं, अशी त्याची एक जुनाट समजूत होती.

पुस्तकावर अर्थातच त्याचं नाव नव्हतं. पिकल्स म्हणजे लोणचं, आणि अंधार, रक्त, शाप अशा मालावर लोणच्याचं नाव कसं शोभणार? कव्हरवर ‘डी. ए. रेव्हनमूर’ असं छापलेलं असायचं आणि आत एका उसन्या काळ्या झग्यातला डेरेकचा फोटो असायचा. झगा त्याला पोटावर तंग होत होता.

या दोषाबद्दल डेरेकला दुःख व्हायला हवं होतं, पण त्याला आनंद झाला. कारण त्याची आई. एडनाबाई नव्वदीच्या पुढे गेल्या होत्या आणि टेकडीवरच्या वृद्धाश्रमात राहून, भिंग हातात धरून, मुलाचे खंड ओळ न ओळ वाचत होत्या. डेरेक दर रविवारी दुपारी त्यांना भेटायला जायचा आणि दर रविवारी तोच प्रश्न व्हायचा.

“पोचतो का रे तो?”

“पोचेल की. बाराव्या खंडात.”

“बारावा येईपर्यंत मी काही राहत नाही,” एडनाबाई म्हणाल्या. “डॉक्टर हल्ली फार गोड बोलायला लागलाय माझ्याशी.”

“असं काय बोलतेस आई.”

“मग काय बोलू? त्याची आई तिकडे दारात उभी आहे पहिल्या पुस्तकापासून. तिचं काय झालं ते कळल्याशिवाय मी जायची नाही, पण जायला तर लागणार. जाऊ दे. चहा झाला का तुझा?”

त्या मुलखात चहा म्हणजे संध्याकाळचं जेवण. एडनाबाई हा प्रश्न डेरेकला तो शाळेतून यायचा तेव्हापासून विचारत आल्या होत्या, आणि त्याचं उत्तर त्यांनी कधी ऐकून घेतलं नव्हतं. उत्तर येईपर्यंत ताट वाढलेलं असायचं. आता वृद्धाश्रमात ताट वाढता येत नव्हतं, तरी त्या विचारायच्या. खाली उतरताना डेरेकने ठरवलं की हाल्ड्रिकला याच खंडात घरी पोचवायचं.

लंडनला प्रकाशन संस्थेत त्याची संपादिका फिलिपा फॅनशॉ हिच्यापुढे त्याने हा विचार मांडला. फिलिपाने कप अलगद बशीत ठेवला.

“याच खंडात संपवायचं? किती रंजक कल्पना आहे,” ती म्हणाली.

डेरेकने काय ते ओळखलं. त्या देशात शिकलेल्या माणसाने कल्पनेला ‘रंजक’ म्हटलं की ती मेली असं समजायचं असतं. ‘फार रंजक’ म्हटलं की तिला पुरलेलं असतं.

“आणि धाडसीसुद्धा,” फिलिपा म्हणाली. धाडसी म्हटल्यावर वकिलांना बोलावतात. “डेरेक, इकडे या जरा.”

तिने त्याला कपाटापुढे नेलं. पाचही खंड ओळीने उभे होते आणि त्यांच्या पाठींवरच्या चित्रांचे तुकडे जुळून एका ड्रॅगनचा पुढचा भाग तयार झाला होता.

“पहिल्यावर डोकं आहे. बाराव्यावर शेपूट यायचंय. सहावा म्हणजे पोट. लोक डोकं हौसेने घेतात आणि शेपूट दिसलं की घ्यायचे थांबतात. पोट मात्र कोणी सोडत नाही. कपाटात बिनपोटाचा ड्रॅगन कसा दिसेल, तुम्हीच सांगा.”

“पण वाचणाऱ्यांना शेवट हवाय.”

“वाचणाऱ्यांसाठी आपल्याकडे स्वतंत्र विभाग आहे,” फिलिपा म्हणाली. “ते आज रजेवर आहेत.”

बाकीचे विभाग हजर होते. त्यांची तातडीची बैठक झाली आणि आधीच्या खंडांशी मेळ राखणाऱ्या सातत्य विभागाच्या प्रमुखांनी मधल्या खंडाचे नियम उभं राहून वाचले. मधल्या खंडात कोणीही कोठेही पोचू नये. पोचल्यास ते ठिकाण चुकीचे निघावे. दार उघडण्यास हरकत नाही, मात्र आत आणखी एक दार असावे. नायकास एक अवयव व एक मित्र गमावण्याची मुभा राहील, परंतु दोन्ही एकाच प्रकरणात गमावू नयेत. भविष्य सांगणाऱ्या वृद्धेने वाक्य अर्धवट टाकून प्राण सोडावा. वाचकाने येथे पुस्तक पालथे घालून आपल्या ओळखीच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसास ‘चहा झाला का’ असे विचारून यावे व मगच पुढे वाचावे. विश्वासघात करणारा इसम पूर्वीच्या खंडात किमान एकदा हसलेला असावा. प्रवासात एक दलदल अनिवार्य आहे. दलदल उपलब्ध नसल्यास धुके, धुके उपलब्ध नसल्यास वंशावळ द्यावी. नियम ऐकताना दोघांना डुलकी लागली, ती बैठकीच्या कामकाजाचाच भाग मानण्यात आली.

दलदल सर्वांना पसंत पडली. अडचण नकाशाची होती. काजळीच्या राज्याचा नकाशा संस्थेने भांडी पुसायच्या टॉवेलांवर छापून विकला होता, आणि त्यात टेकडी आणि दिवा यांच्यामध्ये चिखलाचा थेंबसुद्धा नव्हता. निम्म्या इंग्लंडच्या स्वयंपाकघरात तो टॉवेल लटकत होता. भूगोल बदलणं आता कोणाच्या हातात राहिलं नव्हतं.

तेव्हा नकाशा विभागाचे मिस्टर ओकशॉट उठले. त्यांनी बॅगेतून टॉवेल काढला, टेबलावर पसरला आणि कडेवर बोट ठेवलं.

“इथे कापड दुमडून शिवलंय,” ते म्हणाले. “दुमडीच्या आत काय आहे, कोणी पाहिलंय?”

सगळे कडेवर वाकले. मग कोणीतरी हळूच टाळी वाजवली. उरलेला सगळा प्रवास टॉवेलच्या दुमडीत करावा, असं एकमताने ठरलं. दुमड चारी बाजूंनी असल्यामुळे खंडही बारा पुरणार नव्हते, ते अठरा करण्यात आले.

“मग सहावा मधला कसा राहील?” डेरेकने विचारलं.

“राहील ना. नववाही राहील,” फिलिपा म्हणाली. “पुढे अठराचे चोवीस झाले तर बारावाही राहील. चित्रकाराशी बोलणं झालंय माझं. तो म्हणतो, ड्रॅगनचं पोट हवं तेवढं वाढवता येतं.”

डेरेक गाडीत बसून घरी आला. त्याला राग आला होता, पण तो यॉर्कशरचा माणूस असल्यामुळे त्याने राग कोणाला दाखवला नाही आणि मुकाट्याने दलदल लिहायला घेतली. हाल्ड्रिकला त्याने प्रकरणामागून प्रकरण चिखलातून चालवलं. चिखलाचे प्रकार वर्णिले. चिखलातल्या ईल माशांच्या राजघराण्याची वंशावळ दिली. आणि एक्केचाळिसाव्या प्रकरणात, दोन वंशावळींच्या मध्ये, त्याने हाल्ड्रिकला गुपचूप टेकडी ओलांडू दिली.

पुढचं सगळं चारपाच पानांत आटोपलं. हाल्ड्रिकने काळ्या दिव्यावर तलवार उगारली, ती खाली घेतली आणि तोंडाने फुंकर मारली. दिवा विझला. सूर्य उगवला. हाल्ड्रिक आला त्या वाटेने घरी गेला. त्याची आई दारात उभी होती. “चहा झाला का?” तिने विचारलं. तो पायरीवर बसला आणि त्याने बूट काढले. बेचाळिसाव्या प्रकरणात काही घडलंच नाही अशा थाटात दलदल पुन्हा सुरू झाली.

आपण पकडले जाणार याची डेरेकला खात्री होती. काजळीच्या राज्यात चहा नाही. तिथे लोक मधाची दारू पितात, सणावाराला शत्रूचं रक्त पितात. दुसऱ्या खंडात एका पहारेकऱ्याने चुकून बटाटा खाल्ला होता, तर सातत्य विभागाने डेरेकला लंडनला बोलावून समज दिली होती. इथे तर नायकाची आई चहाचं विचारत होती. डेरेक फोनकडे बघत बसला. शेवटी फोन वाजला.

“अप्रतिम,” फिलिपा म्हणाली. “मधला भाग तर विशेष. दलदल अगदी अंगावर येते.”

“आणि एक्केचाळिसावं प्रकरण?”

“ते तर फार रंजक आहे.”

डेरेकने लंडनला जायचा कोट काढून ठेवला. पण वकिलांचं पत्र आलं नाही, कोणी समज द्यायला बोलावलंही नाही, आणि यथावकाश पुस्तक चहासकट छापून आलं. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ‘रंजक’ या शब्दाला आणखीही एक अर्थ होता, तो म्हणजे ‘वाचलेलं नाही’.

प्रकाशनाच्या दिवशी दुकानाबाहेर रांग लागली होती. सगळ्यात पुढे काळी शाल पांघरलेला, दाढीला वेण्या घातलेला एक गृहस्थ होता. तो वाचक मंडळाचा अध्यक्ष रूपर्ट.

“किती छळणार हो आम्हाला?” रूपर्ट म्हणाला. “शेवट द्या. हा माणूस अजून पोचत कसा नाही?”

डेरेकने इकडेतिकडे पाहिलं. “एक्केचाळिसावं प्रकरण वाचा,” तो हलकेच म्हणाला.

“वाचणार तर. दोन प्रती घेतोय. एक प्लॅस्टिकमधून बाहेर काढायची नाही. दुसरी ठेवून द्यायची, पहिलीला काही झालं तर असावी म्हणून.”

“मग वाचायची कुठली?”

“वाचायला वेळ कुठे मिळतो, मंडळाचं काम असतं,” रूपर्ट म्हणाला. “तुमचा शेवट येऊ द्या, मग सगळं एका दमात वाचून काढतो.”

समीक्षकांनी खंडाचं तोंड भरून कौतुक केलं. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मधल्या खंडाचा पुरस्कार त्यालाच मिळाला. ‘ध्येय हाताशी असूनही ते अखेरपर्यंत हाती न लागू देण्याचा लेखकाचा संयम थक्क करणारा आहे,’ असं परीक्षकांनी म्हटलं आणि डेरेकला एक पितळी कासव दिलं.

त्या रविवारी तो टेकडीवर गेला तेव्हा एडनाबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. पुस्तक मांडीवर होतं.

“पोचला रे,” त्या म्हणाल्या.

 डेरेकने खुर्ची ओढून घेतली.

“फुंकर मारली त्याने. मला वाटलंच होतं. तलवारीने कधी दिवा विझतो का? एवढी पुस्तकं ती तलवार उगाच वागवली त्याने.” एडनाबाईंनी भिंग झग्याच्या बाहीने पुसलं. ते स्वच्छच होतं. “आणि आई जिवंत ठेवलीस तिकडे.”

“ठेवली.”

“बरं केलंस.” त्यांनी भिंग पुस्तकावर ठेवलं. “लोक काय म्हणतात?”

“दलदल छान आहे म्हणतात.”

एडनाबाई इतक्या हसल्या की नर्स डोकावून गेली.

“पुढचा खंड लिहायला घेतलास?”

“घ्यावा लागला. तो अजून चालतोय ना.”

“चालतोय कसा? त्याने बूट काढलेत की.”

“ते फक्त तुला माहीत आहे, आई.”

“मग अनवाणी चालव त्याला,” एडनाबाई म्हणाल्या. “बघू या कोणाला कळतंय. चहा झाला का तुझा?”

डेरेकने आईचं ऐकलं. सातव्या खंडात हाल्ड्रिक पहिल्या पानापासून अनवाणी चालतो. तो काटे काढतो, बर्फात पाय चोळतो, एका राणीच्या गालिच्यावर चिखलाचे तळवे उमटवतो. कव्हरवर त्याच्या पायात गुडघ्यापर्यंत चकचकीत बूट आहेत. संस्थेने तसे बूट बाजारातही आणले, आणि वाचक मंडळाच्या संमेलनाला सगळे ते घालून आले.

सातवा खंड वाचायला एडनाबाई मात्र नव्हत्या. त्या थंडीत शांतपणे गेल्या, सहावा खंड उशाशी ठेवून, एक्केचाळिसाव्या प्रकरणात खूण घालून. डेरेक अजूनही रविवारी दुपारी कोट चढवतो, दारापर्यंत जातो आणि मग आठवून परत येतो. त्याला आता चहाचं विचारणारं कोणी नाही. बाकी त्याचं उत्तम चाललं आहे. ड्रॅगनचं पोट भिंतभर झालंय आणि शेपूट कुठेच दिसत नाही.

या लोकांना तुम्ही मनसोक्त हसला असाल. घेतात पण वाचत नाहीत, शेवट मागतात आणि मधलं सोडून देतात. तुम्ही तसे नाही. तुम्ही हातात घेतलेली गोष्ट ओळ न ओळ वाचता, हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून तर सातत्य विभागाच्या त्या नियमांमध्ये आम्ही विश्वासाने एक नियम खास तुमच्यासाठी घातला होता. मग, आलात का विचारून?