चार बोटं पाणी

"आता इथं कुणी हात लावायचा नाही," घर तपासायला आलेल्या साहेबांनी बजावलं. वरच्या न्हाणीघराच्या जाळीत त्यांनी फडक्याचा बोळा गच्च कोंबला होता, नळ सोडून चार बोटं पाणी साठवलं होतं आणि पाण्याच्या काठाशी पेन्सिलीनं रेघ मारली होती. "पाणी रेघेखाली गेलं की समजायचं, गळती आहे. मी तोवर गच्ची बघून येतो."

सकाळपासून ते हातोडीच्या दांड्यानं भिंती वाजवत हिंडत होते, म्हणून बायकोनं त्यांचं नाव टकटकसाहेब ठेवलं होतं. घर विकत घेण्याआधी त्यांना बोलवायचा हट्ट नवऱ्याचा. तो विम्याच्या कचेरीत होता. दिवसभर लोकांची जळलेली, बुडालेली, खचलेली घरं कागदावर बघायची आणि रात्री भाड्याच्या खोलीत छताकडे डोळे लावून पडायचं. आजवर बघितलेली सगळी घरं त्यानं नाकारली होती. एकाचा जिना कुरकुरला म्हणून, दुसऱ्याचा अजिबात कुरकुरला नाही म्हणून.

"साहेब नाही म्हणाले तर नाही. मग रडायचं नाही," त्यानं येतानाच सांगून ठेवलं होतं.

बायकोचं मन मात्र केव्हाच इथं राहायला आलं होतं. दारापुढं पायरी, पायरीवर ऊन, उन्हात वेल, वेलावर दोन चिमण्यांचं भांडण. आणखी काय लागतं माणसाला?

ती खाली स्वयंपाकघरात गेली आणि तिनं वर पाहिलं. छतावर पिवळा डाग! बरोबर न्हाणीघराच्या खाली. वर पाणी तुंबलेलं, आता इथून ठिबकणार, आणि नवऱ्याच्या डोक्यावर पहिला थेंब पडला की संपलं सगळं.

ती मांजरीच्या पावलानं वर गेली. बोळा जरासा उचलला. थोडंसंच पाणी सोडायचं होतं, पण ते वाट बघत बसल्यासारखं गडगड करत निघालं. तिनं घाईनं बोळा दाबला तोवर दोन बोटं पाणी गेलं होतं. नळाला हात घालणार, एवढ्यात बाहेर चपला वाजल्या. ती शेजारच्या खोलीत पळाली.

चपला घरमालकीण काकूंच्या. त्यांना घर विकून लेकीकडं राहायला जायचं होतं. नातवंड येऊ घातलं होतं. रेघ वर आणि पाणी खाली बघून त्या तरातरा आत शिरल्या.

"अगंबाई! जन्मात गळलं नाहीस, आणि आज बरं सुचलं तुला!" त्यांनी घरालाच झापलं आणि कोपऱ्यातली भरलेली बादली कलंडवली. घाईत बादली सगळीच रिकामी झाली. पाणी रेघेवर चढलं. काकू पदर सावरत सटकल्या.

मग नवरा आला. त्याला राहवतच नव्हतं. त्यानं पाणी बघितलं, रेघ बघितली. उतरलं तर गळती, हे साहेबांनी सांगितलं होतं. चढलं तर काय, हे सांगितलंच नव्हतं! भिंतीत नळ फुटला? जमिनीखालून झरा लागला? साहेबांना हाक मारायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात खिडकीतून त्याला दारापुढची पायरी दिसली. उन्हात निवांत पसरलेली.

त्यानं तोंड मिटलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तांब्यानं पाणी उपसून शेजारच्या बेसिनमध्ये ओतायला लागला.

साहेब गच्चीवरून उतरले तेव्हा तिघं निकालाला उभे राहावेत तसे दाराशी उभे होते. साहेब वाकले. चष्मा पुसला. पुन्हा वाकले.

"रेघेला रेघ!"

तिघांचा श्वास सुटला.

"तेच तर चुकतंय. उघडं पाणी केसभर तरी वाळतं. हे पाणी घाबरल्यासारखं जागच्या जागी बसलंय." त्यांची नजर दाराबाहेरच्या फरशीवर गेली. तिथं ओली पावलं होती. एक लहान, एक चपलेचं, एक भलंमोठं. "बोला. सुरुवात कोण करतंय?"

"मी जरासं सोडलं," बायको म्हणाली. "खाली डाग दिसला हो!"

"तो? तो कुकर उडाला होता!" काकू म्हणाल्या. "आणि बाई, पाणी तू सोडलंस? मी बादली ओतून बसले!"

मग सगळ्यांनी दुमडलेल्या पँटकडं पाहिलं.

साहेबांनी पाणी पुन्हा भरलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून तिघांना बाहेर बसवलं. ऊन कलल्यावर कुलूप निघालं. पाणी केसभर उतरलं होतं.

"घर ठणठणीत आहे," साहेब म्हणाले. "गळती आहे ती माणसांत."

ते गाडीकडं गेले, काकू लेकीला फोन करायला आत गेल्या. बायको नवऱ्याकडं वळली.

"अहो, तुम्ही कशाला उपसलंत? तुम्हाला तर आवडलंच नव्हतं घर."

"तसं कधी म्हटलं मी?"

"आवडलं असं तरी कुठं म्हटलंत?"

"म्हटलं असतं, आणि साहेब नाही म्हणाले असते, तर?" तो पुटपुटला आणि पायरीवर बसला. पायरी डुगडुगली.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. फाटकाबाहेर साहेबांची गाडी सुरू होत होती.

"हाक मारू का त्यांना?" बायकोनं हळूच विचारलं.

"गप बस!" नवरा म्हणाला. त्यानं खिशातून साहेबांचं कार्ड काढलं, त्याची चौपदरी घडी केली आणि पायरीखालच्या फटीत नीट सारली.