निळ्या राजाचा हत्ती

उरलेल्या अठरा फेऱ्या चहा निवायच्या आत संपवू, अशी दिव्यानीला खात्री होती. चंद्रपूरच्या कॉलेजात ती बारा वर्षं आंतरराष्ट्रीय संबंध शिकवत होती. संगणकातले चार राजे तिच्यापुढे कितीसे टिकणार?

खेळ बाबांचा. मुखरूभाऊंनी पस्तीस वर्षं घुग्घुसच्या खाणीत डंपर चालवला आणि निवृत्तीनंतर संगणकावर साम्राज्य. राजधानीचं नाव घुग्घुस, देवळांच्या शहराचं मार्कंडा, डोंगरातल्या ठाण्याचं जिवती. तीनशे फेऱ्यांचा डाव. दोनशे ब्याऐंशी झाल्या होत्या आणि पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, युद्धं : शून्य. पाच महिन्यांपूर्वी बाबा गेले आणि डाव तसाच राहिला. ते शून्य जपून डाव पुरा करायचा, एवढंच दिव्यानीला हवं होतं. चुकलं तर मागे फिरायची सोय नव्हती. बाबांनी एकच डाव साठवला होता आणि खेळ दर फेरीला जुना पुसून नवा लिहायचा.

तिची आई सुगंधाबाई शेजारी लाखोरीची भाजी निवडत बसल्या. खेळातल्या सगळ्यांना त्या ओळखत होत्या. नावंही त्यांनीच ठेवलेली.

"हा लाल मिशीवाला लटारूमामा. हे हिरवी राणी, शकुआत्या. पिवळा गुणवंतराव, व्याह्यासारखा फुगते."

"आणि निळा?"

"त्याचं काई नाव नाई. एक गाव न् एक हत्ती हाय त्याच्याजवळ. गरीब हाय बिचारा."

पहिल्याच फेरीत लटारूमामा उगवले. तुमची ठाणी आमच्या सीमेला फार लागून आहेत, अशी तक्रार. खाली दोन उत्तरं : 'क्षमस्व, मागे सरतो' आणि 'आपलं काम पाहा'. सत्तासंतुलनाचा सिद्धान्त स्मरून दिव्यानीनं दुसरं निवडलं. मामांच्या भुवया मिशांपर्यंत आल्या.

"पाहुण्याले असं बोलते का कोणी? तुझे बाबा थोडंसं मागं सरून दाखवत. मंग तोच साखर पाठवे."

"आई, तो पाहुणा नाई, प्रोग्राम आहे. त्याला राग नाई येत. फक्त आपले गुण वजा होतात."

"मंग राग म्हंजे काय असते?"

दिव्यानीनं मामांचे वजा झालेले गुण पुन्हा मोजले.

आता मामांची समजूत काढायची. त्या विषयात सुगंधाबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. "आहेर दे. आन् एकट्याले नोको देऊ, साऱ्याइले सारखा दे. एकीले पातळ न् दुसरीले ब्लाउजपीस दिला तं वीस वर्षं आयकाव लागते."

हे दिव्यानीलाही पटलं. तिघांकडे सारखा कापूस आणि सारखी साखर रवाना झाली.

"निळ्याले?"

"त्याच्यापासून काय मिळणार आहे?"

पुढच्या फेरीत तीन खलिते आले. लटारूमामा : तुम्ही आमच्या शत्रूला, शकुआत्यांना, भेट दिली. शकुआत्या : तुम्ही आमच्या शत्रूला, गुणवंतरावांना, भेट दिली. गुणवंतरावांचा आक्षेप लटारूमामांवर होता. तिघांचं आपसांत पटत नाही, पण आपल्याबद्दल एकमत व्हायला त्यांना एक फेरी पुरली. कोपऱ्यातलं शून्य गेलं, तिथं तीनचा आकडा आला.

"आपल्या घरचे पाहुणे निदान जेवून तं रुसत," सुगंधाबाई म्हणाल्या.

मामांच्या तोफा मार्कंड्यापर्यंत आल्या. बाबांनी शाळा, विहिरी आणि देवळं बांधली होती. सैन्य म्हणाल तर जिवतीला चार धनुर्धारी. दिव्यानीनं माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"माझ्यामुळं बाबांचं शून्य गेलं, आई."

सुगंधाबाईंनी भाजीची परात बाजूला सारली.

तेवढ्यात निळा खलिता आला. 'दुष्काळात तुम्ही आम्हाला नऊ वेळा धान्य दिलंत आणि बदल्यात काही मागितलं नाहीत. आम्ही तुमच्या बाजूनं युद्धात उतरत आहोत.'

हत्ती निघाला. एकटाच. तो थेट मामांच्या राजधानीच्या मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला. त्या बाजूनं कोणी येईल असं मामांना कधी वाटलंच नव्हतं, त्यामुळे तिथं पहारेकरीही नव्हता. मामांचं सगळं सैन्य आल्या पावली घराकडे धावलं. चार फेऱ्यांत मामा तहाला आले, आणि मामा आले म्हणून बाकीचे दोघंही.

"नऊ वेळा?" दिव्यानीनं विचारलं.

"मी म्हणलं होतं तुझ्या बाबाइले, याच्यापासून काय भेटते? तं म्हणे, त्याले भूक लागली हाय, तसं लिहून येऊन राह्यलं."

दिव्यानीनं चष्मा काढून पदरानं पुसला. बराच वेळ पुसला.

डाव संपायला तीन फेऱ्या असताना निळ्याचा पुन्हा खलिता आला. धान्य संपलं आहे, मिळेल का? या वेळी तिला कुठलाही सिद्धान्त आठवला नाही. मागितलं त्याच्या दुप्पट दिलं आणि 'बदल्यात' या शब्दापुढची जागा रिकामी सोडली.

पुढच्या फेरीत तीन खलिते आले. तुम्ही आमच्या शत्रूला भेट दिली.

"येऊ दे," सुगंधाबाई भाजीची परात घेऊन उठल्या. "दोनच फेऱ्या उरल्या नं? आपला हत्ती हाय. मी चहा ठेवतो."

आधीचा चहा निवून दोन तास झाले होते.